शुक्रवारचा एकच मुहूर्त

खोलापुऱ्यांच्या घरात पाच पिढ्यांत पहिल्यांदाच पूजेची भांडी माळ्यावर चढत होती, आणि ती चढवत होत्या माणिकबाई. वय अडुसष्ट, गुडघे दोन्ही कुरकुरणारे, पण भाच्याचं लग्न जमवायचं म्हटल्यावर त्या स्टुलावर अशा उभ्या होत्या की खाली उभ्या असलेल्या भावजयीचाच, चारुशीलेचा, जीव वरखाली होत होता.

"दे ते ताम्हण. आणि होमकुंड? ते आधी दे. होमकुंड दिसलं की संपलं सगळं."

"ताई, उतरा आता. पडलात तर पाहुण्यांना काय सांगू?"

"सांग, मुलाची आत्या चपळ आहे म्हणून. शंख राहिला का गं?"

शंख राहिला होता. तो गव्हाच्या डब्यात गेला. दर्भाची जुडी गादीखाली गेली. मग माणिकबाईंनी अकोल्याहून खास आणलेला मोगऱ्याचा फवारा काढला आणि चार खोल्यांतून मारत सुटल्या. पण कापराचा वास भिंतीत मुरलेला, तो काय एका फवाऱ्याला दबणार? दोन्ही वास मिळून असा काही दरवळ उठला की चारुशीलेला कोणाच्या तरी दहाव्याला गेल्यासारखं वाटायला लागलं.

एवढा खटाटोप करण्याचं कारण साधं होतं. भगवंतराव वकील अकोल्याहून आपली मुलगी जुईली हिला घेऊन घर पाहायला येणार होते. मुलामुलीचं फोनवर दोनदा बोलणं झालेलं, पत्रिका जुळलेली, पण वकीलसाहेबांनी माणिकबाईंना पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "बाकी काही चालेल, भिक्षुकी करणारं घर नको." याआधीची पाच स्थळं नेमकी याच कारणाने परत गेली होती. मुलगा इंजिनिअर आहे, हे ऐकून यायची आणि वडील पूजा सांगतात, हे ऐकून जायची. म्हणून माणिकबाईंनी या खेपेला ठोकून दिलं होतं की आमच्या चिंतामणने ते सगळं केव्हाच सोडलं, घरात आता कोणी पूजा सांगत नाही.

यातला पहिला अर्धा भाग जवळजवळ खरा होता. दोन वर्षांपूर्वी गुडघा गेल्यापासून चिंतामणरावांनी खेड्यापाड्यांची कामं सोडली होती, आता जवळपासचे चार-दोन सत्यनारायण तेवढे खुर्चीवर बसून सांगायचे. दुसरा भाग मात्र साफ खोटा होता, आणि तो किती खोटा आहे हे घरात फक्त चारुशीलेला ठाऊक होतं. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूची सगळी गावं दोन वर्षांपासून तो इंजिनिअर मुलगा, सोहमच, सांभाळत होता. शनिवार-रविवारी "मित्राकडे जातो" म्हणून मोटरसायकल काढायचा, लॅपटॉपच्या पिशवीत लॅपटॉपच्या शेजारी घडी घातलेलं सोवळं असायचं, आणि ते सोवळं धुऊन वाळवून घडी घालून ठेवणारी चारुशीलाच होती.

तिला हे लपवणं सोपं गेलं, कारण तिच्या संसाराची सुरुवातच अशा एका लपवालपवीने झाली होती. एकतीस वर्षांपूर्वी मूर्तिजापूरला तिला पाहायला आले, तेव्हा याच माणिकबाईंनी तिच्या वडिलांना सांगितलं होतं की मुलगा संस्कृतचा शिक्षक आहे. लग्नानंतर आठ दिवसांनी शिक्षक पहाटे साडेचारला सायकलला पिशवी अडकवून वास्तुशांतीला निघाले. तेव्हापासून नवरा-बायकोच्या प्रत्येक भांडणाचा शेवट ठरलेला होता. चिंतामणराव कितीही जिंकत आले तरी चारुशीला शेवटी म्हणायची, "तुम्ही तर मला फसवूनच आणलं," की ते गप्प.

खरी गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती. तिला त्या दिवशीच कळलं होतं. चहाचा कप घेताना त्या तरुण शिक्षकाच्या हाताला तूप आणि कापराचा वास आला होता. शिक्षकाच्या हाताला खडूचा वास येतो, हे मास्तरांच्या मुलीला सांगावं लागत नाही. तिला तो मुलगा आवडला होता, म्हणून ती गप्प बसली. आणि नंतर तक्रार इतकी उपयोगाची ठरली की ती सोडवेना.

पण आज गव्हाच्या डब्याचं झाकण लावताना तिचा हात थांबला. मला निदान वास तरी आला होता, तिने विचार केला. या पोरीला मोगऱ्यातून काय कळणार?

"आई, जरा आत ये." सोहम दारातून हळूच म्हणाला. चेहरा पार उतरलेला.

"काय झालं?"

"नत्थुजींची वास्तू आज आहे."

"कोण नत्थुजी?"

"नांदगावच्या पुढचे. नवीन घर बांधलं त्यांनी. दोन महिन्यांपूर्वी मीच मुहूर्त काढून दिला, शुक्रवार, बारा दहा ते एक पस्तीस. पुढच्या आठवड्यात धनुर्मास लागतो, मग महिनाभर काहीच नाही."

चारुशीलेने कपाळावर हात मारला. चिंतामणरावांनी पाहुण्यांच्या भेटीसाठी पंचांग उघडलं होतं, तेव्हा त्यांनाही संपूर्ण आठवड्यात एकच बरी वेळ सापडली होती. शुक्रवार, बारा दहा ते एक पस्तीस. बाप आणि लेक, दोघांनी एकाच पंचांगातून चोख मुहूर्त काढला होता आणि लेकाला आपला बापाला सांगायची सोय नव्हती.

"मग आता?"

"आपल्या इथल्या अंकुर गुरुजीला पाठवलं सकाळी. तो सांभाळून घेईल. आणि आई, रजा असली तरी एक वाजता माझा ऑफिसचा कॉल आहे. तो चुकवता येत नाही."

"मुलगी पाहायच्या मुहूर्तात?"

"कंपनी बेल्जियमची, त्यांना धनुर्मास कसा समजावून सांगू?"

*

पाहुणे बाराला यायचे, ते दहा पन्नासलाच दारात. भगवंतराव रुमालाने चष्मा पुसत म्हणाले, "रस्ता इतका चांगला झाला आहे की अकोला सोडलं आणि बडनेरा आलंच!"

चिंतामणरावांचा चेहरा पडला. मुहूर्ताच्या आधी मुलगा-मुलगी समोरासमोर येता कामा नयेत, असं त्यांचं मत. त्यांनी सोहमला आतल्या खोलीत कोंडल्यासारखं बसवलं आणि बाहेर सव्वा तास काढायला विषय शोधू लागले. थंडी झाली, कापसाचा भाव झाला, अकोल्याचं पाणी झालं. जुईली समोर शांत बसली होती. अंगाने बारीक, डोळे मोठे, आणि त्या डोळ्यांनी ती माळ्याकडे पाहत होती. माळ्याच्या कडेवरून समईचा मोर डोकावत होता.

"मुलगी कॉलेजात ग्रंथपाल आहे," भगवंतराव सांगत होते. "सुट्टीच्या दिवशी घरीच असते. रविवारी स्वयंपाकाचे नवे नवे प्रकार करते."

जुईलीने वडिलांकडे असं पाहिलं की चारुशीलेच्या मनात आलं, या घरच्या माळ्यावरही काहीतरी चढवलेलं दिसतं.

तेवढ्यात बाहेर बोलेरो करकचून थांबली. पांढरा सदरा, गळ्यात उपरणं, कपाळावर कुंकवाचा टिळा अशा थाटात एक साठीचा गृहस्थ सरळ बैठकीत शिरला.

"राम राम महाराज! लहान महाराज कोठी हायेत?"

चिंतामणरावांनी ओळखलं. नत्थुजींच्या वडिलांच्या घरची लग्नंही त्यांनीच लावली होती. "नत्थुजी? तुम्ही इकडे कसे? आणि लहान महाराज कोण?"

"कोन म्हंजे? तुमचं पोट्टं! आज वास्तू हाय ना माह्याकडे!"

माणिकबाई बसल्या जागेवरून उसळल्या. "हे सोहमच्या कंपनीचे ग्राहक आहेत," त्या भगवंतरावांना म्हणाल्या. "यांच्या वास्तूचा... विमा आहे."

"इमा गिमा काई नाई जी," नत्थुजी म्हणाले. "थ्या अंकुर महाराजाले मी चहा पाजून वापस पाठवलं. थो म्हने, तासाभरात आटपून देतो. म्या म्हनलं, बापू, घर बांधाले मले सात वर्सं लागले, अन् तू तासाभरात आटपून राहिला? मले माहे महाराज पायजेत. मागच्या साली माह्या बहिनीकडे आले होते, तवा तिच्या सासूनं इचारलं, आहुती देतो थे जाते कोठी? लहान महाराजानं काम थांबवून अर्धा घंटा समजावून सांगतलं. म्हातारी ऐकून रडली. ऐंशी वर्सात तिले कोनी सांगतलंच नव्हतं. चाला, कोठी हायेत थे?"

आतल्या खोलीचं दार उघडलं आणि सोहम चौकटीत उभा राहिला. भगवंतरावांनी त्याच्याकडे पाहिलं, माणिकबाईंकडे पाहिलं, आणि वकिली अनुभवाने बरोबर साक्षीदार निवडला.

"वहिनी, हे काय प्रकरण आहे?"

माणिकबाई डोळ्यांनी खुणावत होत्या. चिंतामणराव मुलाकडे बघत होते. चारुशीलेला एक क्षण वाटलं, विम्यावरच रेटून न्यावं. सहावं स्थळ आहे. मुलगी चांगली आहे. पण ती मुलगी तिच्याकडेच पाहत होती, आणि मूर्तिजापूरच्या त्या बैठकीतल्या आपल्या वयाची होती.

"ताईंनी तुम्हाला खोटं सांगितलं," चारुशीला म्हणाली. "आणि मी सांगू दिलं. हे अजून पूजा सांगतात. सोहम नोकरी करतो, ती खरी आहे, आणि दोन वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी पूजाही सांगतो. यांनाही आताच कळून राहिलं. ताम्हण-बिम्हण सगळं माळ्यावर आहे. शंख गव्हात आहे."

भगवंतराव उठले. "जुई, चल."

"बाबा, बसा थोडं," जुईली म्हणाली. आवाज चढवला नाही, पण वकीलसाहेब बसले. तिने सोहमला विचारलं, "नोकरी सोडणार आहात का तुम्ही?"

"नाही."

"मग हे सोडणार?"

"नाही." सोहमने एकदा वडिलांकडे पाहिलं. "तीन वर्षं मी एका परदेशी कंपनीच्या वेबसाइटचं काम करून राहिलो. चांगलं काम आहे, मला येतं, घर त्याच्यावर चालतं. पण मी केलेलं वापरणारा एकही माणूस मी अजून डोळ्यांनी पाहिला नाही. नत्थुजींकडे तो समोर बसलेला असतो."

"दोन्ही होत नसतं!" चिंतामणराव एकदम ओरडले. "चाळीस वर्षं केलं मी हे. तुला काय माहीत आहे? लग्नात, मुंजीत, मयतात, चाळीस वर्षं एकच शब्द ऐकला मी. आटपा. गुरुजी, आटपा. फोटोवाला खोळंबलाय, आटपा. पंगत थांबलीय, आटपा. कोणी विचारलं नाही की बाबा, तू म्हणतोस काय. तो शब्द माझ्या पोराच्या कानावर पडू नये म्हणून तुला इंजिनिअर केलं, आणि तू माझ्या पाठीमागे..."

चारुशीलेला हे नवीन होतं. एकतीस वर्षांत त्यांनी गुडघ्याची तक्रार केली, घशाची केली, सायकलच्या पंक्चरची केली, पण ही कधी केली नव्हती.

नत्थुजींनी घसा खाकरला. "तुमचं घरचं तुमी पाहा बाप्पा. पन बारा दहाचा टाईम हाय, अन् माह्या दारात दोनशे मानूस बसून हाय."

"किती दूर आहे?" जुईलीने विचारलं.

"पाऊन घंटा."

"मग आपणही तिकडेच जाऊ. आपला मुहूर्तही बारा दहाचाच आहे ना?" ती चिंतामणरावांना म्हणाली. "तुमच्या पंचांगात जागेचं काही लिहिलेलं नसेल तर."

चिंतामणरावांनी मनातल्या मनात पानं उलटली. पंचांगात जागेचं काहीच लिहिलेलं नव्हतं.

"जुई, हे काय चाललंय?" भगवंतराव म्हणाले.

"बाबा, यांनी खरं सांगितलं, आता आपणही सांगून टाकू. काकू, मला स्वयंपाकातला वरणभात तेवढा येतो. रविवारी पहाटे पाचला मी दुर्बीण घेऊन काटेपूर्णेच्या धरणावर जाते. शाळेची मुलं असतात सोबत, त्यांना पक्षी दाखवते. पाऊस असो, थंडी असो, जाते. लग्नानंतरही जाणार."

माणिकबाईंनी भगवंतरावांकडे असा कटाक्ष टाकला की वकीलसाहेबांना रुमाल काढून पुन्हा चष्मा पुसावा लागला. मग सगळेच उठले. चारुशीलेने गव्हाच्या डब्यात हात घालून शंख बाहेर काढला, पदराला पुसला आणि सोहमच्या हातात दिला.

*

बारा बाराला नत्थुजी आणि त्यांची बायको कौशल्या नव्या घराचा उंबरा ओलांडून आत गेले, आणि शंख वाजला. त्यातून थोडे गहूही उडाले, पण ते शुभच मानले गेले.

चारुशीलेने मुलाला काम करताना पहिल्यांदाच पाहिलं. सोहम मंत्र म्हणायचा आणि थांबायचा. "आता नत्थुजी, आपण या जमिनीची माफी मागून राहिलो. इथे आधी मुंग्यांची वारुळं होती, उंदरांची बिळं होती. त्यांचं घर मोडून आपण आपलं बांधलं. म्हणून त्यांना म्हणायचं, आम्हाला सांभाळून घ्या." कौशल्याबाईंनी लगेच हात जोडले. मागे ओसरीवर बसलेल्या बायका ऐकायला पुढे सरकल्या. चिंतामणराव भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होते, चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण ओठ हलत होते.

होम पेटला आणि एक वाजायला पाच मिनिटं असताना सोहमच्या पिशवीत फोनला लावलेला गजर गुरगुरला. त्याने पाहिलं. त्याच्या हातातली पळी तशीच राहिली. आहुत्या अर्ध्यावर होत्या, नत्थुजी डोळे मिटून बसले होते, आणि तिकडे बेल्जियम.

"जा," मागून आवाज आला.

चिंतामणराव खुर्चीतून उठले होते. त्यांनी सदरा काढला, हात-पाय धुतले, आचमन केलं आणि मुलाच्या शेजारच्या पाटावर बसले. एक पाय दुमडला, दुसरा दुमडेना, तो होमाकडे न करता बाजूला सरळ पसरून दिला. मुलाच्या हातातली पळी घेतली आणि तो जिथे थांबला होता त्याच्या पुढच्या शब्दापासून सुरू केलं. आवाज बसका होता, पण एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

"बाबा, पंधरा मिनिटं," सोहम म्हणाला.

त्यांनी मंत्र न थांबवता डोळ्यांनीच हाकललं.

नेटवर्क फक्त विहिरीच्या काठावर मिळायचं. सोवळं नेसलेला सोहम लॅपटॉप घेऊन तिकडे पळाला आणि त्याच्या मागे जुईली त्याला नेट जोडून द्यायला आपला फोन उंच धरून गेली. लांबून चारुशीलेला दोघं दिसत होती. एक उघड्या अंगाने इंग्रजी बोलत होता आणि दुसरी त्याच्या खांद्यावर शाल टाकत होती, कारण तिकडे कॅमेरा सुरू करायला सांगितला होता.

इकडे चिंतामणरावांचा वेग हळूहळू वाढला. सवय होती ती. दोनशे माणसं जेवायची थांबलेली, स्वयंपाकाचा वास येऊन राहिलेला, अशा वेळी चाळीस वर्षांत जीभ आपोआप पळायला शिकली होती. एका आहुतीत दुसरी मिसळू लागली. तसे नत्थुजींनी डोळे उघडले आणि हात जोडून म्हणाले,

"महाराज, घाई नोका करू जी. निवांत होऊ द्या."

चिंतामणराव थांबले. पळीतलं तूप थेंबथेंब गळत होतं. त्यांनी नत्थुजींकडे बघितलं, मग उपरण्याने डोळे पुसले आणि धुराला उगाच दोष दिला. मग पुन्हा सुरुवात केली, या वेळी सावकाश, प्रत्येक आहुतीनंतर थांबून. आणि थोड्या वेळाने, कोणी विचारलं नसताना, ते म्हणाले, "हे जे म्हटलं ना नत्थुजी, याचा अर्थ असा आहे..."

चारुशीलेला रडू आवरेना. शेजारी बसलेल्या माणिकबाईंनी तिचा हात धरला आणि कुजबुजल्या, "मी खोटं बोलले खरी. पण दोन्ही वेळा चांगलंच झालं की नाही?"

सोहम परत आला तेव्हा चिंतामणराव उठले नाहीत, थोडे सरकले फक्त. पाटावर दोघं मावले. पूर्णाहुतीला नारळ दोघांच्या हातांनी गेला.

नंतर हात धुवायला चिंतामणराव विहिरीकडे लंगडत आले, तेव्हा चारुशीला तांब्या घेऊन उभी होती. त्यांनी ओंजळ पुढे केली. तुपाचा आणि कापराचा तोच वास आला.

"चारू," ते म्हणाले, "तुला त्या वेळी खरं सांगायला पाहिजे होतं मी. फसवलं तुला."

"नाही फसवलं," ती पाणी ओतत म्हणाली. "मला त्याच दिवशी कळलं होतं. वास आला होता हाताला."

ओंजळ तशीच राहिली, पाणी सगळं वाहून गेलं. "मग एकतीस वर्षं काहून ऐकवलं मला?"

"तुम्ही दुसऱ्या कशाने गप्पच बसत नव्हते."

चिंतामणराव इतक्या मोठ्याने हसले की ओसरीवरची माणसं वळून पाहायला लागली. भगवंतराव तिथेच खांबाला टेकून उभे होते. त्यांनी होमाचा अर्थ शेवटपर्यंत ऐकला होता आणि मध्ये दोन शंकाही विचारल्या होत्या. लग्नाचं मात्र अजून काही बोलले नव्हते. माणिकबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "मुलगी काय म्हणते ते पाहू," आणि पंगतीकडे बघू लागले.

पंगत तशीच खोळंबली होती, कारण सोहम शेवटचा आशीर्वाद देत होता आणि नत्थुजींच्या नातवाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून संपलं नव्हतं. अडीच वाजून गेले होते. जुईली चारुशीलेच्या बाजूला येऊन बसली. सकाळी नऊला घरून निघालेली पोर, भुकेने चेहरा कोमेजलेला.

"काकू, ते नेहमीच इतका वेळ लावतात?"

"नेहमीच." चारुशीलेने तिच्या पाठीवर हात ठेवला. "आणि बाई, बाकी तुझ्या मनाला येईल तसं राहा, दुर्बीण घे, पक्षी पाहा, वरणभात कर नाही तर करू नको. पण आमच्या घरात येणार असशील तर या दोघांना 'आटपा' तेवढं म्हणू नको."

जुईलीने होमाकडे पाहिलं. सोहम हातवारे करत पोराला काहीतरी समजावत होता आणि चिंतामणराव त्याला मध्येच दुरुस्त करत होते. पलीकडे वाढपी पत्रावळ्या घेऊन ताटकळत उभे होते.

तिने अंगाखाली दुमडलेले पाय मोकळे केले आणि नीट मांडी घालून बसली.

"नाही म्हणणार," ती म्हणाली.